प्रोब निवेपर्यंत बटणाला हात नको

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून डेअरीत अप्रेंटिस लागलो, तेव्हा कंडक्टिव्हिटी मीटरचं, म्हणजे द्रवातून वीज किती सहज वाहते ते मोजणाऱ्या यंत्राचं, कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या आकड्याशी जुळवणी) माझ्या गळ्यात पडलं. पीएच मीटरला ठरावीक पीएचची दोन-तीन बफर सोल्युशनं लागतात, इथे ठाऊक कंडक्टिव्हिटीच्या सोल्युशनची एक बाटली नि एक बटण. सोपंच वाटलं. पहिल्याच महिन्यात घोळ घातला.

मीटर सीआयपीच्या रिटर्न लाइनवरचा. टाक्या-पाइप न उघडता आतून कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवून धुतात, आणि त्यात कॉस्टिक किती उरलंय ते कंडक्टिव्हिटीवरून कळतं; कमी पडलं की डोसिंग पंप सुरू. मी प्रोब, म्हणजे मीटरचं लाइनीत बुडलेलं टोक, काढला, धुतला, पुसला, १२.८८ मिलिसीमेन्सच्या सोल्युशनमध्ये बुडवला. डिस्प्लेवर १०.८! केवढा हा ड्रिफ्ट, मीटर किती सरकलाय, म्हणत बटण दाबलं. १२.८८ आलं. स्टिकर चिकटवून मोकळा.

तीन दिवसांनी लॅबच्या मॅडमचा फोन. पॅनलवर कॉस्टिक दीड टक्का, टायट्रेशनला (लॅबमधल्या रासायनिक मोजणीत) जेमतेम सव्वा. सरांनी माझी नोंद बघितली आणि एवढंच विचारलं, "टेंपरेचर किती दाखवत होता रे?"

ते मी लिहिलंच नव्हतं.

बाटलीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. दर अंशाला कंडक्टिव्हिटी साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणून प्रोबच्या पोटातला टेंपरेचर सेन्सर बघून मीटर आकडा २५ अंशांवर आणून दाखवतो. सोल्युशन होतं २८ अंशांना. प्रोब मात्र गरम लाइनीतून नुकताच काढलेला, जाड प्लास्टिकचा. वरून गार लागला तरी आत अजून ३८ होते. मीटरला सोल्युशनच ३८ चं वाटलं, त्याने त्या हिशेबाने आकडा खाली ओढला. मीटर बरोबर होता, बिघडवला मी.

आता नव्या पोरांना सांगतो: आधी कोरडा प्रोब हवेत धरा, शून्याजवळ दिसला पाहिजे. बाटलीत प्रोब बुडवायचा नाही, वापरलेलं सोल्युशन परत ओतायचं तर मुळीच नाही. थोड्या सोल्युशनने प्रोब विसळून ते फेकायचं, मग ताजं घ्यायचं. आमचा प्रोब मेदूवड्यासारखा, भोकाचा; त्या भोकात बुडबुडा अडकला की आकडा पडतो, आणि बीकर अरुंद असला तरी चुकतो. शेजारी थर्मामीटर ठेवा, दोन्ही तापमानं जुळेपर्यंत चहा पिऊन या. मग बटण दाबण्याआधीचा आकडा लिहा. ऑडिटवाले तोच मागतात. फरक मोठा दिसला तर आधी मिल्कस्टोनचा, म्हणजे दुधाच्या क्षारांचा, थर बघा, प्रोब ॲसिडने धुवा.

त्या दिवशी सरांनी मी बटण दाबण्याआधीचा जुना फॅक्टर (मीटर ज्याने गुणतो तो आकडा) परत टाकला आणि तोच प्रोब बीकरमध्ये सोडून मला समोर बसवलं. अर्ध्या तासाने आकडा १२.८ वर स्थिरावला. माझं बोट सवयीने बटणाकडे गेलं. सरांनी मनगट धरलं. "एवढ्याशा फरकाला हात लावायचा नाही. लिही, आणि लाइनवर बसव."