गुरे, म्हशी आणि मेंढ्यांच्या केसांतील जनुकीय भेद कसे तपासावेत : सोलापूर जिल्ह्यापुरती कार्यपद्धती

केसाचा गाभा केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो आणि त्या तंतूंना एकमेकांशी बांधणारी, गंधकयुक्त सिस्टीनने किंवा ग्लायसीन-टायरोसीनने समृद्ध अशी केराटिन-सहयोगी प्रथिने त्यांच्याभोवती असतात. अभ्यास केराटिनच्या केआरटी जनुकांचा करायचा की सहयोगी प्रथिनांच्या केआरटीएपी जनुकांचा, हे आरंभीच ठरवावे, कारण दोन्हींच्या अडचणी निराळ्या आहेत. गायीत केराटिनच्या दोन प्रकारांची जनुके मुख्यतः १९ व्या आणि ५ व्या गुणसूत्रांवर आढळतात. म्हशीत मात्र हेच भाग ३ ऱ्या आणि ४ थ्या गुणसूत्रांत सामावलेले असल्याने पंढरपुरी म्हशीसाठी गायीचे क्रमांक तसेच उचलू नयेत.

सांगोला-मंगळवेढा भागातील खिलार गुरे, पंढरपुरी म्हैस, दख्खनी मेंढी आणि उस्मानाबादी शेळी एवढे प्राणी तुलनेला पुरेसे आहेत. जनावरे शक्यतो परस्परांच्या नात्यातली नसावीत. मेंढ्यांच्या एका वाड्यातील बरीच कोकरे एकाच नराची असतात, म्हणून एका वाड्यातून मोजकेच नमुने घेऊन पुढच्या वाड्याकडे जावे. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतील बाजारात खिलार जनावरे एका ठिकाणी मिळतात खरी, पण हातोहात विकल्या गेलेल्या जनावराची वंशावळ विक्रेत्याला क्वचितच ठाऊक असते. पैदासकाराच्या गोठ्यावर जाण्याचे कष्ट घेणेच बरे.

गुरांच्या शेपटीच्या गोंड्यातील वीस-तीस केस चिमट्याने मुळासकट उपटावेत. डीएनए प्रामुख्याने मुळाशी असतो, त्यामुळे कातरलेली लोकर या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरते. मेंढीचे रक्त कागदी कार्डावर टिपून वाळवणे अधिक सोयीचे. केस कोरड्या कागदी पाकिटात ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहून डीएनए खराब होतो. पाकिटावर कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, जात, वय, लिंग आणि गाव लिहावे. केसांची जाडी किंवा लांबीही मोजायची असेल, तर सर्व जनावरांत शरीराची एकच जागा व एकच ऋतू ठेवावा, आणि मेंढीच्या बाबतीत मागील कातरणीची तारीख नोंदवावी.

प्रयोगशाळेत मुळे विरघळवताना प्रोटिनेज-के या प्रथिने पचवणाऱ्या विकरासोबत डीटीटी हे रसायन वापरावे, कारण केराटिनमधील गंधकाचे बंध डीटीटी तोडते. खरी परीक्षा यानंतर सुरू होते. केआरटीएपी जनुके लहान, एकाच एक्झॉनची (म्हणजे मध्ये न तुटणाऱ्या सलग सांकेतिक भागाची) आणि एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकासाठी बनवलेला प्रायमर (हवा तो भाग वाढवण्यासाठी त्याच्या कडेला चिकटवायचा डीएनएचा छोटा तुकडा) शेजारच्या जनुकालाही चिकटतो, आणि दोन जनुकांमधला फरक एकाच जनुकातील विविधता म्हणून नोंदला जातो. म्हणून प्रायमर सारख्या भागांवर न बेतता जनुकाच्या बाहेरील, वेगळेपण असलेल्या भागांवर बेतावेत. एका जनावरात एका जनुकाची दोनपेक्षा अधिक रूपे असू शकत नाहीत. तिसरे रूप दिसले, तर शोध लागल्याचा आनंद आवरून आधी प्रायमर तपासावा. याउलट, गायीचा प्रचलित संदर्भ-जनुकसंच (ज्याच्याशी ताडून प्रायमर बेततात तो) हेरेफर्ड या युरोपीय वंशाच्या गायीचा आहे आणि खिलार झेबू या वशिंडाच्या गुरांच्या वंशाची, त्यामुळे प्रायमरच्या जागीच बदल असेल तर एक रूप वाढतच नाही आणि संकरयुग्मी (दोन निराळी रूपे असलेले) जनावर समयुग्मी (दोन्ही रूपे सारखी असलेले) भासते. समयुग्मी जनावरे हार्डी-वाइनबर्ग अपेक्षेहून (मुक्त संकरात रूपांच्या प्रमाणावरून काढलेल्या संख्येहून) फार जास्त दिसली, तर प्रथम हा दोष किंवा नमुन्यातील नातेसंबंध गृहीत धरावा. डीएनएचा क्रम छोट्या तुकड्यांनी वाचतानाही असाच गोंधळ होतो. संशयित जागा लांब तुकड्यांच्या वाचनाने पडताळून पाहाव्यात.

बदल सापडला म्हणून तो केसांवर परिणाम करतोच असे नाही. हेरेफर्डमधील विरळ केसांच्या विकाराशी केआरटी-७१ या जनुकातील ८ बेस-जोड्यांची (डीएनएच्या अक्षरांची) गळती निगडित आहे, तिथे प्रथिनच बिघडते. पण सेनेपोल गुरांच्या आखूड, तुळतुळीत केसांचे कारण प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या ग्राहीच्या जनुकात, २० व्या गुणसूत्रावर आहे, केराटिनमध्ये नव्हे. खिलारच्या आखूड केसांचे श्रेय केआरटी जनुकांना देण्यापूर्वी प्रोलॅक्टिन-ग्राहीच्या जनुकाचाही क्रम वाचून घ्यावा.