मक्याचा मुरघास: खड्डा भरताना जिथे घात होतो

मुरघास म्हणजे खड्ड्यात दाबून, हवा बंद करून आंबवलेला हिरवा चारा. दाणा चिकातून घट्ट होऊ लागला की मका कापायचा, पेरणीपासून साधारण 80 ते 90 दिवसांनी. कणसासकट कापा. कणसं विकून उरलेल्या वाळक्या ताटांचा मुरघास करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, पोषण दाण्यात असतं. पाणी 65 ते 70 टक्के हवं. कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे केलेला मका, मुठीत अर्धा मिनिट आवळून मूठ उघडा. पाणी गळलं तर मका ओला आहे, थोडा सुकू द्या. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय. सावकाश सुटला की भरायला घ्या.

कुट्टी पाऊण इंचाची.

आता दाबणं. मुरघास आंबवणारे जिवाणू हवेशिवाय काम करतात. हवा राहिली की बुरशीचं फावतं. माझा पहिला खड्डा असाच गेला. दोन दिवस रमतगमत भरला, शेवटी वरून तुडवला आणि प्लास्टिकचा कागद टाकला. 45 दिवसांनी उघडला तर वरचा दीड फूट काळा आणि भिंतीकडेला पांढरी बुरशी. वाया जाऊ नये म्हणून त्यातला बरा दिसणारा चारा दोन गाईंना टाकला. दोघींनी खाणं सोडलं, दूध निम्म्यावर आलं. बुरशीचा चारा जनावरापुढे टाकूच नका, गाभण गाईपुढे तर अजिबात नाही.

तेव्हापासून मी अर्ध्या फुटाच्या वर थर टाकत नाही. टाच रुतायची थांबेपर्यंत पुढचा थर नाही. मधे ट्रॅक्टर चालतो, पण कडेला त्याचं चाक पोहोचत नाही, आणि खराबी तिथूनच सुरू होते. कडा माणसांनीच तुडवायच्या. खड्डा एका दिवसात भरून झाकायचा. तेवढी माणसं नसतील तर खड्डा लहान घ्या. वर पाणी साचू नये म्हणून मधे उंचवटा ठेवा, जाड कागद टाका आणि त्यावर मातीचा थर द्या.

मक्यात गूळ घालायची गरज नाही, त्याची स्वतःची साखर पुरते. नेपियर गवताला मात्र गूळ किंवा उसाची मळी (मोलॅसिस) लागते.

45 दिवसांनी एकाच बाजूने उघडा, आंबूसगोड वास यायला हवा. रोज पूर्ण रुंदीचा काप काढून कागद परत दाबा. गाईला 5 किलोने सुरुवात करा, आठवड्याभरात 15 ते 20 किलोपर्यंत न्या. सोबत सुका कडबा हवाच.