माथेरानच्या मॉडेल रेल्वेत वळणावर इंजिन रुळावरून उतरत होतं, ते कसं थांबवलं (माझा अनुभव)

नेरळ-माथेरान लाईन 1907 ची, गेज (दोन रुळांमधलं अंतर) 2 फूट, म्हणजे 1:76 स्केलला (खऱ्याच्या 76 पट लहान) साधारण 8 मिमी, म्हणून त्याला जवळचा 9 मिमीचा ट्रॅक घेतला आणि घाटातलं एक वळण बसवलं. तर इंजिन दर वेळी त्याच जॉइंटवर उतरायचं. डोळा रुळाच्या लेव्हलला आणून बघितलं तेव्हा कळलं, बाहेरचा रूळ जॉइंटपाशी गोल वळतच नाहीये, तिथे चक्क कोपरा पडलाय. मग ट्रॅक उचलला, दोन्ही तुकडे आधी सरळ ठेवून जॉइंट सोल्डर केला, आणि मग अख्खी लांबी एकदम हळूहळू वाकवली. कोपरा गेला.

तरी इंजिन अडखळत होतंच, कारण सहा चाकं ताठ. माथेरानच्या खऱ्या, ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या इंजिनांना क्लिन-लिंडनर अ‍ॅक्सल होते, म्हणजे पुढची-मागची चाकं वळणाबरोबर सरकायची, काय डोकं लावलंय बघा! मी मधल्या चाकांची कड (रुळाच्या आतून चालणारी) कानशीने घासून काढली, आता सुरळीत वळतं. चढ मात्र खऱ्यासारखा 1:20 च (20 फुटांना 1 फूट) हवा होता, त्यासाठी चाकांना पकड यावी म्हणून बॉयलरमध्ये शिशाचे तुकडे भरले आणि डबे तीनच ठेवले.