रक्ताचा डाग ते सी.ए. रिपोर्ट: मुद्देमालाच्या या चुका टाळा

सी.ए. रिपोर्ट (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल) हातात पडला की वकील असो वा तपासी अंमलदार, नजर थेट शेवटच्या परिच्छेदावर जाते: डीएनए जुळला की नाही? आधी वरचा भाग वाचा. किती पाकिटं पोहोचली, कोणत्या तारखेला, कोणी आणली, आणि सील शाबूत व पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे असल्याचा शेरा आहे का. पाकिटात जे गेलं, त्याचाच निकाल प्रयोगशाळा देते.

ओला कपडा प्लास्टिकमध्ये

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की आत दमटपणा धरतो, जिवाणू आणि बुरशी वाढतात, डीएनएचे तुकडे पडतात. मग रिपोर्टमध्ये 'निष्कर्ष काढता आला नाही' एवढंच येतं. शर्ट सावलीत, स्वच्छ कोऱ्या कागदावर पसरून पूर्ण वाळवा. डागावर डाग टेकू नये म्हणून घडीच्या मध्ये कागद घाला आणि खाकी कागदी पाकिटात भरा. खाली अंथरलेला कागद फेकू नका. गळलेले केस, धागे त्यावरच असतात. त्याची वेगळी पुडी करा.

एका पाकिटात एकच वस्तू. आरोपीची पँट आणि मयताची साडी एकाच बोचक्यात बांधली, तर पँटवरचं रक्त बोचक्यात लागलं की आधीचं होतं, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक वस्तूमागे हातमोजे बदला. फरशीवरचा वाळलेला डाग डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या निर्जंतुक स्वॅबवर (कापसाच्या बोळ्यावर) घ्या, आणि तुलनेसाठी शेजारच्या कोऱ्या जागेचा दुसरा स्वॅबही घ्या. हा दुसरा हमखास विसरला जातो.

दवाखान्यात बुचाचा रंग बघा. डीएनएसाठी रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये. हिरव्या बुचातलं हेपॅरिन पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, अडथळा आणतं. विषबाधेचा व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे भाग) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, हिस्टोपॅथॉलॉजीचा (पेशींच्या सूक्ष्मदर्शी तपासणीचा) फॉर्मेलिनमध्ये. बरण्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही तपासण्यांचं वाटोळं.

तारखांमधली भोकं

जप्ती पंचनामा, मुद्देमाल रजिस्टर, जावक पत्र, मुद्देमाल नेणाऱ्या अंमलदाराची नोंद, प्रयोगशाळेची पोच. या पाच तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. दोन तारखांमध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर दिसलं, तर त्या काळात पाकीट कोणाच्या ताब्यात, कोणत्या कपाटात होतं याचं उत्तर कागदावर हवं. दिल्लीच्या छावला सामूहिक बलात्कार व खून प्रकरणात नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतले आणि २७ तारखेला प्रयोगशाळेकडे पाठवले. मधल्या काळात ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात होते. नमुन्यांशी छेडछाड झाली नसेलच असं सर्वोच्च न्यायालयाला म्हणता आलं नाही. फाशीची शिक्षा सुनावलेले तिघेही २०२२ मध्ये सुटले. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्यात न्यायालयाने डीएनए नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे आणि ताब्याचं स्वतंत्र रजिस्टर ठेवण्याचे निर्देश दिले.

सीलचंही तसंच. पंचनाम्यात लाखेच्या सीलचा उल्लेख नाही, पण प्रयोगशाळेत पाकीट सीलबंद पोहोचलं, तर सील लावलं कोणी आणि कधी? उलटतपासात पहिला प्रश्न हाच येतो. सीलचा नमुना ठसा जावक पत्रासोबत जायलाच हवा.

'जुळला' म्हणजे काय जुळलं?

वाय-एसटीआर (फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरची डीएनए तपासणी) जुळला की लोक निकाल लागल्यासारखेच बोलतात. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं; म्हणजे सख्खा भाऊ, चुलता, चुलतभाऊ, थोडक्यात सगळी भावकीच जुळू शकते. गावातल्या गुन्ह्यात, जिथे अर्धी आळी एका आडनावाची, तिथे हा मुद्दा सोडू नका. एका माणसापर्यंत पोहोचायचं तर ऑटोसोमल एसटीआर (लिंग ठरवणारी सोडून बाकीच्या गुणसूत्रांवरची तपासणी) बघा: डीएनएवरच्या किती जागा तपासल्या, नमुना मिश्र होता का, असा योगायोगाने जुळणारा माणूस किती लोकांत एक. हे आकडे नसतील तर 'जुळला' या शब्दाला फारसं वजन देऊ नका. शर्टावर 'बी' गटाचं मानवी रक्त सापडलं, एवढ्यावर तर काहीच ठरत नाही. आरोपीचा स्वतःचा गट कोणता हे तरी तपासलंय का?

सीसीटीव्हीबद्दल दोनच गोष्टी. डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून फरक पंचनाम्यात लिहा. आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा), दोन्ही भाग भरून घ्या.

शेवटची चूक बचाव पक्षाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३२९ मुळे सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट साक्षीशिवाय वाचता येतो, म्हणून तो निशाणीवर पडला (पुरावा म्हणून क्रमांक लागला) की विषय संपला असं समजतात. त्याच कलमाखाली तज्ज्ञाला बोलावण्याचा अर्ज करता येतो. सोबत वर्कशीट (तपासणीच्या मूळ नोंदी) आणि इलेक्ट्रोफेरोग्राम (डीएनए तपासणीचा आलेख) मागवा, आणि ते साक्षीच्या तारखेआधी हातात येतील असं बघा.