एका अमिनो आम्लाचा बदल संगणकावर कसा तपासावा: उदाहरण सिकलसेलचं

विदर्भाला, नंदुरबारला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. सरावासाठी त्याच्यामागचं म्युटेशन (जनुकातला बदल) घ्या, कारण संगणकाला ते सहज चकवतं.

आधी क्रमांक बघा. जुन्या पुस्तकांत बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनसाखळीच्या) ६व्या जागी ग्लुटामिक आम्लाचं व्हॅलिन होतं असं लिहिलेलं असतं. युनिप्रॉट हा प्रथिनांचा डेटाबेस (नोंद पी६८८७१) सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतो, त्यामुळे तिथे तीच जागा ७वी. ४एचएचबी या साध्या हिमोग्लोबिनच्या त्रिमितीय रचनेच्या फाइलमध्ये मात्र ६वीच. गंमत अशी की या फाइलमध्ये ७व्या जागीही ग्लुटामिक आम्लच आहे! चुकून ७ टाकलंत तर प्रोग्राम कुरकुर न करता भलत्याच जागेचं उत्तर देईल. म्हणून शेजारी तपासा: बरोबर जागेच्या आधी प्रोलिन हवं.

डीएनएतही असाच घोळ. कोडॉन (एका अमिनो आम्लाची तीन अक्षरी खूण) जीएजीचं जीटीजी होतं, पण जनुक ११व्या गुणसूत्राच्या उलट्या धाग्यावर आहे. जीनोमच्या फाइलमध्ये ए ते टी नव्हे, टी ते ए लिहा.

बदल किती घातक याचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामांचे स्कोअर ऑनलाइन व्हीईपी या साधनातून मिळतात. सिफ्टमध्ये ०.०५पेक्षा कमी म्हणजे घातक, पॉलिफेनमध्ये उलट, १कडे झुकेल तितकं वाईट. अल्फामिसेन्समध्ये ०.५६४च्या वर बहुधा रोगकारक, ०.३४च्या खाली बहुधा निरुपद्रवी. तिन्ही एकसारखं बोलले म्हणून तीन स्वतंत्र साक्षी धरू नका; तिघांचीही मुख्य भिस्त उत्क्रांतीत ती जागा किती टिकली यावरच आहे.

बदलाने प्रथिनाची घडी किती डळमळते हे मोजायला फोल्डएक्स हा प्रोग्राम. आधी त्यातली रिपेअरपीडीबी ही रचना सुधारणारी आज्ञा चालवा, नाहीतर स्फटिकरचनेतल्या अणूंची दाटी म्युटेशनच्या माथी बसते. मग बदल घडवून बघणारी बिल्डमॉडेल, ५ फेऱ्या. बदलांच्या यादीच्या फाइलमध्ये बी आणि डी या दोन्ही बीटा साखळ्यांतला बदल एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम, शेवटी अर्धविराम. धन आकडा म्हणजे अस्थिरता; अर्ध्या किलोकॅलरीच्या आतला फरक शून्यच समजा.

इथे मोठ्या आकड्याची अपेक्षा ठेवू नका. ही जागा पृष्ठभागावर आहे, घडी फारशी बिघडत नाही. प्राणवायू सुटल्यावर एका रेणूतलं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या फिनाइलअलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्या खोबणीत बसतं आणि धागे तयार होतात. एकट्या रेणूच्या गणितात हा शेजारीच नसतो. तो पाहायला २एचबीएस ही सिकल हिमोग्लोबिनच्या रचनेची फाइल उघडा आणि गरज पडल्यास स्फटिकाच्या सिमेट्रीने आजूबाजूचे रेणू काढा. प्रत्येक रेणूतल्या दोनपैकी एकच व्हॅलिन असं अडकतं, तेव्हा पहिल्या साखळीत दिसलं नाही तर दुसरी बघा.