दाजींची लीज संपतीय, त्याआधी काय काय हाताशी पाहिजे

दाजींचा परवा फोन. त्यांच्या कंपनीच्या स्कीममधल्या इलेक्ट्रिक गाडीची चार वर्षांची लीज तीन महिन्यांनी संपतीय, लीजवाल्यांचा मेल आलाय की गाडी ठेवायची असेल तर एवढे भरा नाहीतर परत करा, आणि दाजींचं म्हणणं, तू मागच्या वर्षी केलंस ना हे सगळं, मग काय काय करायचं ते नीट लिहून पाठव. तर दाजी, हे घ्या, आणि अजून कुणाची संपत असेल तर त्यांनीही वाचा. मी ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं नाही लिहीत, करायला पाहिजे होतं त्या क्रमानं लिहितोय, कारण माझा पहिला महिना नुसता चुकीच्या माणसाला फोन करण्यात गेला.

आधी मूळ अॅग्रीमेंट शोधा, सही केलेलं, मागच्या सगळ्या पानांसकट. त्यात रेसिड्युअल व्हॅल्यू, म्हणजे लीज संपल्यावर गाडी ठेवायची तर भरायची रक्कम, म्हणून एक आकडा किंवा टक्का असतो, तो बघा. तो गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के असेल तर पुढचं वाचूच नका, गुपचूप पैसे भरा आणि गाडी घ्या, घासाघीस करायला त्यात काही नाही. पण चाळीस-पंचेचाळीस टक्के असेल तर बसा. माझी गाडी २०२१ ची, एक्स-शोरूम १६ लाख, ४५ टक्के म्हणजे ७,२०,०००, आणि त्याच्यापुढं "अधिक जीएसटी अधिक ट्रान्सफर चार्जेस" असं बारीक अक्षरात. तिथंच नोटीस किती दिवस आधी द्यायची ते पण असतं. माझ्यात साठ दिवस होते, नाही दिली तर लीज आपोआप एक महिना पुढं आणि भाडं पूर्ण. तारीख कॅलेंडरवर टाका, ताईच्या फोनवर पण टाका, ती विसरत नाही.

आता त्या आकड्याबद्दल. त्यात कुणाची लबाडी नाहीय, तो फक्त जुना आहे. तो ठरला तेव्हा इलेक्ट्रिक गाड्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये १३.९९ लाखांपासून आली होती. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी तिचे भाव १.२ लाखांपर्यंत उतरवले आणि कारण दिलं की बॅटरीचे सेल स्वस्त झाले, त्याच वर्षी सप्टेंबरात सणाच्या ऑफरला ती १२.४९ लाखांपासून मिळायला लागली, आणि त्याच महिन्यात एमजीची विंडसर ९.९९ लाखांना आली, बॅटरी भाड्यानं, किलोमीटरला साडेतीन रुपये. म्हणजे नवीन गाडीच खाली आली की हो. मग जुन्या गाडीचा २०२१ मध्ये अंदाजानं लिहिलेला भाव तिथंच कसा राहील? दाजी, तुमची सगळी तयारी या एका प्रश्नासाठी आहे, बाकी सगळे कागद त्यालाच टेकू. तुमच्या मॉडेलचा आजचा शोरूमचा भाव लेखी घ्या, पार्किंगमध्ये सेल्सवाल्याशी गप्पा मारून नाही, कोटेशनवर.

दुसरे कागद म्हणजे तुमच्या गाडीला आज बाजार काय देतो. तीन ठिकाणचे भाव घ्या, एक शोरूमच्या एक्स्चेंजचा, दोन जुन्या गाड्या घेणाऱ्यांचे, त्यातला एक पुण्याचा असू द्या. सोलापुरात जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस अजून कमीच, होटगी रोडवर एकानं तर बॉनेट उघडून बघितलं आणि "इंजिनच नाही, भाव कशाचा सांगू" म्हणाला, चेष्टेत म्हणाला पण भाव खरंच पाडून सांगितला. मला ५.२५, ५.४० आणि पुण्यातनं ५.६५ लाख आले. ऑनलाइन जाहिरातीतले भाव धरू नका, तो मागणारा भाव असतो, मिळणारा नाही, आणि लीजवाला नेमका त्यातला सगळ्यात महागडा दाखवतो.

विम्याचा आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत, पण काढून ठेवा. याचा घसारा ठरलेला असतो, चौथ्या वर्षात ४० टक्के, पाचव्यात ५० टक्के, आणि तो कंपनीच्या आजच्या किमतीवर मोजतात, चार वर्षांपूर्वीच्या नाही. माझा निघाला साडेसहा लाख. मी त्यांना सरळ विचारलं, गाडी उद्या चोरीला गेली तर विमा कंपनीसुद्धा साडेसहाच देणार, आणि तुम्ही मला सात-वीस मागताय, ते कसं? उत्तर आलं नाही, पण त्यानंतर फोनवर दुसरा, जरा मोठ्या हुद्द्याचा माणूस यायला लागला.

बॅटरी. इथं वेळ घालवा, कारण गाडीत खरी किंमत तिचीच आहे. सर्व्हिस सेंटरला जाऊन स्टेट ऑफ हेल्थचा, म्हणजे बॅटरीत नव्याच्या मानानं किती टक्के दम उरलाय त्याचा, रिपोर्ट मागा, प्रिंट आणि शिक्का, तोंडी "एकदम चांगली आहे सर" नको. आणि घरी स्वतः पण मोजा. आमच्या मागच्या शेडमध्ये पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे, त्याच्याआधी मी पहिल्याच वर्षी वायरमनकडून सबमीटर बसवून घेतला होता, तो नुसता हौस म्हणून, बायको म्हणाली पण होती की आता गाडीला पण मीटर का. तेव्हा वहीत लिहिलेलं होतं, १० टक्क्यांपासून १०० पर्यंत ३१ युनिट. चार वर्षांनी तसाच उकाडा असताना परत केलं. रात्री साडेदहाला १० टक्क्यांवर लावली तेव्हा मीटर ६१६२.४, सकाळी आठला गाडीचा चार्जिंगचा फॅन बंद झाला, गाडी १०० दाखवतीय, मीटर ६१८९.९. साडेसत्तावीस युनिट. म्हणजे जवळजवळ ११ टक्के कमी मावतंय. चार्जरमधली गळती दोन्ही वेळेस सारखीच, त्यामुळे तो हिशोब मध्ये येत नाही. एक लक्षात ठेवा, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी असेल तर मोजायच्या आधी दोन-तीनदा पूर्ण १०० पर्यंत चार्ज करा, नाहीतर गाडीलाच स्वतःचा टक्का नीट कळत नसतो आणि तुमचा आकडा उगाच खाली येतो. तुमच्याकडे जुनी नोंद नाहीये हे मला माहितीय, तर सर्व्हिसचा रिपोर्टच पक्का करा, आणि पुण्याची ट्रिप लिहून काढा. मी पहिल्या वर्षी इंदापूरला एकदा थांबलो की सरळ पुणे, आता पाटसच्या पुढं परत डोळे चार्जर शोधायला लागतात.

आणि उन्हाळा सांगायला लाजू नका. लिथियमची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते हे काही माझं म्हणणं नाही, सगळ्यांना माहितीय, आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४३-४४ डिग्री, चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याच्या शेडचं ऊन परतून अंगावर येतं तिथं गाडी आठ-आठ तास उभी. महाबळेश्वरची चार वर्षांची गाडी आणि सोलापूरची चार वर्षांची गाडी एक नाही. फक्त हे दुधारी आहे, बॅटरी कमी झालीय म्हणून भाव पाडाल पण मग ती बॅटरी तुम्हालाच वापरायचीय. रिपोर्ट फारच वाईट आला तर भाव करत बसू नका, परत द्या.

वॉरंटीचं पुस्तक काढा. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना बॅटरीची ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर असते, म्हणजे तुमच्याकडे अजून चार वर्षं आहेत, पण ती मालक बदलल्यावर चालू राहते का हे लेखी विचारा. टाटांनी २०२५ मध्ये काही मॉडेलना बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी दिली ती पहिल्या मालकाला. लीजच्या गाडीत आरसीवर पहिलं नाव कुणाचं? तुमचं नसणार. हा मुद्दा मी विसरलो होतो, चहा पिताना शेजारचा बोलला म्हणून कळला.

डेंट आणि ओरखडे: गाडी परत दिली तर ते एक माणूस पाठवतात, तो टॉर्च मारून मारून मोजतो आणि यादी करतो. ती यादी विकत घेतानाही तुम्हाला दाखवून घाबरवतात. माझ्या डाव्या मागच्या दाराला ऊसाच्या ट्रॉलीचं चिपाड घासलेलं होतं, त्याचे त्यांनी १८ हजार लावले, आपल्या इथं डेंटरनं साडेतीन हजारात केलं असतं. आधीच दुरुस्त करून घ्या, बिल ठेवा. "इंटीरियर अस्वच्छ" असं पण लिहिलं होतं. चार-पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात गाडी कोण रोज धुतो, ते मी लिहून पाठवलं नाही पण तोंडावर आलं होतं.

आता त्यांची बाजू पण समजून घ्या, भाव तिथंच मिळतो. गाडी तुम्ही परत केली तर त्यांना ती सोलापुरातनं उचलून पुण्याच्या यार्डात न्यायचीय, तिथं उभी करायचीय, धुऊन-पुसून लिलावात टाकायचीय, आणि उभी गाडी रोज उतरते. तुम्ही म्हणजे त्यांचं आयतं गिऱ्हाईक, चेक घेऊन दारात. त्यांना जे ५.६५ पुण्यात कुणीतरी देईल त्यातनं हा सगळा खर्च वजा होतो. म्हणून मार्चएण्डच्या किंवा तिमाहीच्या तोंडावर बोला, तेव्हा त्यांना फाइल बंद करायची घाई असते.

जीएसटीला सीए लागतो, मी एकटा लढलो नाही. मोटामोटी असं: डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या जीएसटी काउन्सिलनंतर जुन्या गाड्यांवर, इलेक्ट्रिक धरून, १८ टक्के झाला, पण तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या मार्जिनवर. घसारा घेतलेला असेल तर मार्जिन म्हणजे विक्रीच्या किमतीतनं, घसारा जाऊन उरलेली गाडीची किंमत वजा करायची, आणि ते उणे आलं तर शून्य. पण ही सवलत त्यांनी गाडी घेताना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं नसेल तरच. म्हणून मेलवर एकच प्रश्न टाका: क्रेडिट घेतलंय का, आणि टॅक्स मार्जिनवर लावताय की पूर्ण रकमेवर? मला ७.२० वर सरळ १८ टक्के म्हणजे १,२९,६०० लावून पाठवले होते. प्रश्न विचारल्यावर सुधारित हिशोब यायला सोळा दिवस लागले, त्यामुळे हे शेवटाला ठेवू नका.

अजून एक खड्डा, गाडी विकतंय कोण? लीजवाला थेट तुम्हाला विकत असेल तर ठीक. तुमची कंपनी तिच्या मालकीची गाडी तुम्हाला विकत असेल तर इन्कम टॅक्सवाले दर पूर्ण वर्षाला २० टक्के उतरत्या क्रमानं किंमत काढतात, १६ लाखांचे चार वर्षांनी साधारण साडेसहा, आणि त्याच्या खाली मिळाली तर फरक तुमच्या पगारात धरतात. भाव पाडल्याचा आनंद मग सॅलरी स्लिपमध्ये उतरतो. एचआरच्या पोराला आधी विचारा. आणि कुणी म्हणालं की ईव्हीच्या लोनच्या व्याजावर दीड लाखाची सूट मिळते, तर ती इन्कम टॅक्सच्या ८०ईईबी कलमाची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनला होती, आता नाही. जुन्या गाडीचं लोन महाग पडतं, बँकेतनं आधीच आकडा काढून ठेवा.

मग तुमचा स्वतःचा आकडा. कागदावर लिहा, खिशात ठेवा, ताईला दाखवा, आणि त्याच्या वर जायचं नाही. माझा ६ लाख होता, सगळं धरून. त्याच्याबरोबर दुसरी गाडी खरंच बघून ठेवा, नुसतं म्हणायला नाही, टेस्ट ड्राइव्ह घेतलेली. आमचे वडील मंगळवार बाजारात वस्तू हातातनं खाली ठेवून चार पावलं चालायचे, मागनं हाक आली तरच वळायचे. हाक आली नाही तर घरी यायचे, रिकाम्या हातानं, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. तुम्हाला ते जमत नाही दाजी, चादरीच्या दुकानात पण तुम्ही पहिल्या भावाला हो म्हणता, म्हणून फोन ताईला करू द्या असं मी म्हणणार होतो पण गाडी तुमच्या नावावर व्हायचीय.

फोनवर पोरगा म्हणतो, "सर, सिस्टममध्ये फिगर फिक्स आहे." म्हणू द्या. चिडू नका, त्याच्या हातात खरंच नसतं. म्हणा, ठीक आहे, मग गाडी कुठं आणि कधी उचलताय ते मेल करा, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना हे तीन भाव आणि बॅटरीचा रिपोर्ट पाठवा. मी ५.५० म्हणालो आणि गप्प बसलो. ते ६.६० वर आले, मग आठ दिवस शांतता, मग ६.१०, मी म्हटलं ट्रान्सफर चार्ज, टॅक्स, डेंट सगळं त्यात बसवा आणि ५.९० करा, आज सही. झालं. एक चूक केली, मधल्या आठ दिवसांत मीच दोनदा "काही अपडेट?" असं विचारलं. तुम्ही विचारू नका.

ठरलेलं सगळं मेलवर आल्याशिवाय पैसे सोडू नका. मग आरटीओची कागदं: आरसीवर लीज चढवलेली असेल तर ती उतरवायला फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. नंबर प्लेट हिरवीच राहते, खासगी गाडीला पांढरी अक्षरं, पण तुमची पिवळ्या अक्षरांची असेल तर आधी ती खासगीत बदलावी लागेल आणि तो खर्च त्यांच्याकडे ढकला. ई-चलन थकलेलं असेल तर भरून टाका, एमएच १३ च्या, म्हणजे आपल्या सोलापूर आरटीओच्या, खिडकीवरनं परत यायला एक चलन पुरतं. विमा चौदा दिवसांत नावावर करा, नो क्लेम बोनस ज्याच्या नावानं पॉलिसी त्याचा, त्यामुळे त्यांचा तुम्हाला मिळणार नाही, ते पण भाव करताना धरा. फास्टॅग त्यांचा बंद, तुमचा नवा. अॅपमधनं त्यांचं खातं काढायला लावा, मला महिनाभर गाडी कुठं आहे ते तिसराच माणूस बघू शकत होता.

दुसरी किल्ली मागा, ती त्यांच्या कपाटात असते. आणि चार्जिंगची केबल डिकीतच आहे का ते सही करायच्या आधी डिकी उघडून बघा, माझी त्यांच्या इन्स्पेक्शनवाल्यानं "चेक करायला" म्हणून नेली होती ती अकरा दिवसांनी कुरिअरनं आली, तोवर रोज संध्याकाळी शेजाऱ्याची मागून आणत होतो.