नवीन गेम लावताय? आधी हे वाचा

सध्या मी तीन-चार गेम एकदम खेळतोय, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

बालाट्रो (2024) हा पत्त्यांचा गेम आधी घ्या, पोकर येत नसलं तरी चालतं, फक्त जोकर (स्कोअर वाढवणारी खास पानं) डावीकडून उजवीकडे मोजले जातात हे डोक्यात ठेवा, म्हणजे मल्टमध्ये (स्कोअरला गुणणारा आकडा) बेरीज करणारे डावीकडे आणि मल्टला गुणणारे उजवीकडे सरकवा, एवढ्यानंच स्कोअर कुठल्या कुठे जातो. व्यसन आहे राव, रात्री बारानंतर उघडूच नका.

हेडिसमध्ये सारखं मरताय? सेटिंगमध्ये गॉड मोड लावा, मार 20 टक्के कमी लागतो आणि दर मरणाला अजून 2 टक्के, पार 80 पर्यंत. लाज कसली त्यात, स्टोरी तर बघायला मिळते ना.

हॉलो नाइट दिसायला लई भारी पण सुरुवात जरा रटाळ. कागदं पडलेली दिसली, गुणगुणणं ऐकू आलं की नकाशेवाला जवळपासच असतो, नकाशा लगेच घ्या. मेलात तर पैसे तिथल्या सावलीकडे राहतात, ती मारून परत मिळवायचे, पण त्याआधीच पुन्हा मेलात की गेले सगळे.

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये पार्सनिपच्या (गाजरासारखी भाजी) 15 बिया फुकट मिळतात, पहिल्याच दिवशी लावून टाका. मासेमारी मात्र मला बोअर होते.